डावं-उजवं

तीनशेचा इयरफोन दर दोन महिन्यांनी मरायचा,
नेहमी डावीकडूनच.
वायर मुरगाळून, जॅकपाशी चिमटीत धरून
मी त्याला अजून आठवडाभर जगवायचो.
शेवटी दिवाळीच्या बोनसमधले दोन हजार बाजूला काढले
आणि गेलो गंजगोलाईत, फय्याजभाईच्या दुकानात.
म्हणालो, चांगला द्या.
तो म्हणाला, चांगला म्हणजे कसा?

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
म्हणालो, मोठा आवाज असलेला.
तो हसला नाही.
‘मोठा करायला बटण असतंय, व्यंकट.’

काचेखालून त्यानं काळा हेडफोन काढला,
अख्ख्या कानावर वाटी पालथी घालावी तसला.
मोबाईल त्याचा, रेकॉर्डिंग त्याचं,
त्याच्या मामाच्या गावच्या उरुसातली कव्वाली.
पेटी आली, टाळ्या आल्या,
आणि मग उजवीकडं, जरा मागं,
कुणीतरी खोकलं.
मी मान वळवून बघितलं.
मागं नुसती चार्जरची माळ लटकत होती.

‘आता हीच कव्वाली तुझ्या मोबाईलवरची,
दहा जणांनी फॉरवर्ड केलेली.’
पेटी होती. गाणाराही होता.
टाळ्या मात्र कागद फाडल्यासारख्या.
खोकणारा माणूस उठून गेलेला.
‘फाईल बारीक करायची तर
काहीतरी चाळून टाकावंच लागतंय.’

चाळणं मला शिकवू नका, भाई.
अकरा वर्षं तुरीच्या मिलमध्ये आहे मी.
फटका वेगळी, सव्वा नंबर वेगळी,
चुनी खाली, भुसा बाहेर.
मूठभर डाळ पत्र्यावर सोडली
की नुसत्या आवाजावर सांगतो, ओल किती आहे.
पण मला वाटायचं, चाळणीवर उरतं तेच खरं.
इथं तर चुनीत माणूस बसलेला होता.

मग त्यानं बेस सांगितला, ट्रेबल सांगितला,
बेस लई झाला की शब्द कसे बुडतात ते सांगितलं,
पाणी जास्त झालेल्या वरणातली डाळ जशी,
हे मी मनात जोडलं.
मधेच एक गिऱ्हाईक काच बसवून गेलं.
मला जरा शहाण्यासारखं वाटायला लागलं होतं,
म्हणून म्हणालो,
पण भाई, हासुद्धा डावीकडं कमीच आहे. पीस खराब दिसतोय.

त्यानं हेडफोन बघितला. मग मला बघितलं.
‘उलटा घाल.’

उलटा घातला.
डावीकडचा तबला,
ज्याची आत्तापर्यंत ओळखच झाली नव्हती,
धाडकन उजव्या कानात येऊन बसला.
खोकला आता डावीकडं यायला पाहिजे होता.
मी वाट बघितली.
फय्याजभाईनं बोट वर केलं, म्हणजे आत्ता आला.
नाही आला.

‘काय ऐकू येऊलालं?’
मी म्हणालो, तबला.

पॉलिशर माझ्या डाव्या हाताला आहे.
रोज आठ तास, सीझनला बारा.
शेठनं एकदा कापसाचे बोळे वाटले होते,
आम्ही ते अत्तराला वापरले.

त्यानं हेडफोन विकला नाही.
डबीत ठेवला, वर चिठ्ठी ठेवली,
‘आधी कानाच्या डॉक्टरला दाखव. हा कुठं पळून जात नाही.’
घरी ड्रॉवरमध्ये सात मेलेले इयरफोन होते.
एकेक काढून उजव्या कानाला लावून बघितले.
पाच जिवंत निघाले.

त्या रात्री मी उशी उचलून
संजीवनीच्या दुसऱ्या बाजूला टाकली.
‘कामून?’
‘असंच.’
लाईट गेल्यावर ती हळू आवाजात
सिलेंडर संपत आल्याचं सांगत होती,
वरून नंबर लावायचं मीच विसरलो तेही.
मी ऐकत होतो.
बोलताना ती मधेच जरा थांबते,
बांगडी मागं सारते, मग पुढचं बोलते.
हे आधीपासून असणार.